घरच्या करमणुकीसाठी डिस्क, फाइल की सदस्यत्व? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

घरात नवा स्मार्ट टीव्ही आला, किंवा नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यातून पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड हलवायचे ठरले, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. माळ्यावरच्या सीडी, डीव्हीडी, कॅसेटी आणि आजोबांच्या तबकड्या सोबत न्यायच्या, की आता सगळे ऑनलाइन मिळते म्हणून देऊन टाकायच्या? पुढे जे विकत घ्यायचे ते कोणत्या रूपात घ्यायचे, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. सुरुवातीलाच सांगायचे तर संपूर्ण घरासाठी एकच माध्यम निवडण्याचा आग्रह धरू नये. निर्णय प्रत्येक चित्रपटाचा, प्रत्येक नाटकाचा, प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा वेगळा असतो, आणि तो दोन गोष्टींवर ठरतो : हे आपण पुन्हा पाहणार-ऐकणार आहोत का, आणि हातचे गेले तर ते पुन्हा मिळेल का.

पर्याय दोन आहेत असे आपण धरून चालतो, परंतु ते तीन आहेत. पहिला पर्याय वस्तूचा, म्हणजे डिस्क, कॅसेट किंवा तबकडी. दुसरा पर्याय स्वतःच्या हार्ड डिस्कवर असलेल्या, कोणत्याही कुलुपाशिवाय, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या तांत्रिक बंधनाशिवाय, चालणाऱ्या फाइलचा. तिसरा पर्याय परवानगीचा, ज्यात ओटीटीचे (इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवेचे) सदस्यत्व, भाड्याने घेतलेला चित्रपट आणि ‘विकत घ्या’ हे बटण दाबून घेतलेला ऑनलाइन चित्रपट हे तिन्ही येतात. दुसरा आणि तिसरा पर्याय सरसकट ‘डिजिटल’ या एकाच नावाने ओळखला जातो आणि तिथेच नवख्या माणसाची फसगत होते, कारण टिकाऊपणाच्या दृष्टीने या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

पहिली पायरी : कपाट रिकामे करून यादी करा

खरेदीच्या आधी मोजदाद हवी. घरात जे आहे ते सगळे एका जागी काढावे आणि वहीत नाव, माध्यम, ते बाजारातून आणलेले आहे की घरी चित्रित केलेले, आणि आज ते अन्यत्र मिळते का, अशा रकान्यांत उतरवावे. शेवटचा रकाना घाईने भरू नये. ‘ऑनलाइन आहे’ असे लिहिण्यापूर्वी ते तिथे उघडून पाहावे, त्याची लांबी आपल्या डिस्कवरील लांबीशी ताडून पाहावी आणि नाटक असेल तर नटसंच तोच आहे का हे तपासावे. मराठी नाटकांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. एकाच नाटकाचे वेगवेगळ्या नटसंचांनी केलेले प्रयोग असतात, त्यांतील एखादाच व्हीसीडीवर (सीडीवरच चित्रपट साठवणाऱ्या जुन्या डिस्कवर) आलेला असतो, आणि आज ओटीटीवर सापडतो तो दुसराच असू शकतो. कीर्तने, भजनी मंडळांच्या कॅसेटी, स्थानिक गायकांनी काढलेले अल्बम यांच्याबाबतही असेच होते.

व्हीसीडीचे इतके ढीग आपल्याकडे का साठले याला एक कारण आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली आणि चित्रपट विकत घेणे ही मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या सामानात बसणारी गोष्ट झाली. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. तिने विकलेल्या डिस्क मात्र नीट ठेवल्या असतील तर आजही चालतात. विकणारा नाहीसा झाला तरी विकलेली वस्तू घरात राहते, हा वस्तूरूप माध्यमाचा सर्वांत मोठा गुण आहे.

यादी झाली की तिचे तीन भाग आपोआप पडतात. एकदा पाहून झालेले आणि कुठेही मिळणारे बाजूला काढावे. वारंवार पाहिले जाणारे पण सहज मिळणारे वेगळे ठेवावे. जे आपल्याशिवाय कोणाकडेही नाही, ते सर्वांत आधी हाताळावे.

दुसरी पायरी : घरगुती चित्रण आधी वाचवा

लग्नाची कॅसेट, मुंजीची डीव्हीडी, आजीच्या आवाजातील ओव्या यांना बाजारात पर्याय नाही. डिस्क की सदस्यत्व हा वाद यांना लागूच होत नाही. त्यांची फाइल झालीच पाहिजे, आणि तीही लवकर. व्हीएचएस कॅसेट वाजवणारे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे आज जे यंत्र चालू आहे ते जुनेच आहे, आणि फीत शाबूत असूनही यंत्र नाही अशी स्थिती दरवर्षी अधिक घरांत येणार आहे.

स्टुडिओत मिळालेली लग्नाची डीव्हीडी टिकाऊ असते हा समज सोडून द्यावा. डिस्क उलटी करून तिची खालची बाजू ट्यूबलाइटखाली धरावी. कारखान्यात ठशाने छापलेली डिस्क चंदेरी दिसते. तिच्यातील माहिती प्लास्टिकमध्ये उमटवलेल्या सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते आणि त्यावर ॲल्युमिनियमचा थर असतो. संगणकावर लिहिलेली डिस्क जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक दाखवते, कारण तिच्यातील माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेसरने उमटवलेली असते आणि ते रंगद्रव्य ऊन, उष्णता व काळ यांनी विटते. बाजारातून आणलेल्या चित्रपटाची डिस्क वीस वर्षे चालली म्हणून त्याच कपाटातील लग्नाची डिस्कही चालेल असे गृहीत धरता येत नाही.

कॅसेटची फाइल करण्याचे काम नाशिकमध्ये अनेक फोटो स्टुडिओ करून देतात. त्यांच्याकडे देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली, परत डीव्हीडी नको, हार्ड डिस्कवर फाइल हवी. दुसरी, फाइल व्हॉट्सॲपवर पाठवण्याइतकी बारीक केलेली नको. तिसरी, मूळ कॅसेट परत हवी. फितीवर पांढरट बुरशी दिसत असेल तर ती घरच्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळावा. फीत तुटते आणि यंत्रातील फीत वाचणारे हेडही खराब होते. हे काम फीत जेवढी लांब तेवढाच वेळ घेते, तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतातच, त्यामुळे ‘अर्ध्या तासात करून देतो’ असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

आवाजाच्या कॅसेटी घरीही उतरवता येतात. चालू स्थितीतील टेपरेकॉर्डरचे हेडफोनचे छिद्र एका साध्या वायरने संगणकाच्या ‘लाइन-इन’ला जोडावे, आणि ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिट या सीडीच्या दर्जाने ध्वनी नोंदवावा. या दर्जाची एक तासाची फाइल साधारण ६३५ मेगाबाइटची होते. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ही जागा काहीच नाही, म्हणून उतरवतानाच दर्जा कमी करण्याचे कारण नाही.

फाइल झाल्यावर तिच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, हा जगभरातील संग्रहकांचा नियम आहे. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी नाशिकरोडला राहणाऱ्या बहिणीकडच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत, अशी वाटणी कोणालाही जमते. पेन ड्राइव्हवर मात्र एकमेव प्रत ठेवू नये. विजेच्या जोडणीशिवाय वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पेन ड्राइव्हमधील माहिती नाहीशी होऊ शकते. एकमेव प्रतींचे काय होते हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभारणाऱ्या दादासाहेब फाळके यांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. ज्या नायट्रेट फिल्मवर ते चित्रित झाले ती ज्वालाग्राही आणि कालांतराने कुजणारी होती, आणि प्रतींची निगा राखणारी व्यवस्था त्या काळी नव्हती. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, पण त्यांचे बरेचसे काम पाहायला मिळत नाही.

तिसरी पायरी : जोडणी आणि यंत्रे तपासा

आता बाजारातील चित्रपटांकडे वळू. ओटीटीवर भिस्त ठेवायची असेल तर आधी इंटरनेटची परीक्षा घ्यावी. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२०पी (साधी एचडी) दर्जासाठी सेकंदाला ३ मेगाबिट, १०८०पी (पूर्ण एचडी) साठी ५ आणि त्याहून सूक्ष्म अशा ४के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग पुरतो. शहरातील कोणतीही फायबर जोडणी यापेक्षा जास्त वेग देते, त्यामुळे जाहिरातीतील मोठमोठ्या आकड्यांना भुलून महागडी योजना घेण्याची गरज नसते. खरा प्रश्न सातत्याचा असतो. रस्त्यांची खोदकामे सुरू असली की फायबर तुटते, वळवाच्या पावसात वीज जाते, आणि घरी इन्व्हर्टर असला तरी राउटर त्या लाइनवर घेतलेला नसेल तर टीव्ही चालू आणि इंटरनेट बंद अशी गंमत होते. राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे का, हे आजच पाहून घ्यावे.

ज्यांच्याकडे फायबर नाही आणि मोबाइलच्या डेटावर काम चालते, त्यांचे गणित वेगळे आहे. एचडी दर्जाचे प्रसारण तासाला ३ गीगाबाइटपर्यंत आणि ४के सुमारे ७ गीगाबाइट डेटा वापरते. रोज दीड-दोन गीगाबाइट देणाऱ्या योजनेत एक चित्रपटही एचडीमध्ये पुरा होत नाही. शेतावरच्या घरी किंवा इगतपुरी-हरसूलकडच्या गावी सुटीला जाणाऱ्या कुटुंबासाठी डिस्क किंवा फाइल हा आजही अधिक भरवशाचा पर्याय आहे.

यंत्रांच्या बाबतीत एक बाब फारशी कोणी सांगत नाही. चित्रपटाची नक्कल रोखणारी वाइडवाइन नावाची सुरक्षा-व्यवस्था अँड्रॉइड साधनांत असते आणि तिच्या एल१ (वरची) व एल३ (खालची) अशा पातळ्या असतात. स्वस्त अँड्रॉइड बॉक्स किंवा काही कमी किमतीचे टॅब केवळ एल३ पातळीचे असतात, आणि अशा साधनावर बहुतेक ओटीटी सेवा डीव्हीडीच्या दर्जापलीकडे चित्र दाखवत नाहीत, मग तुम्ही कितीही महाग योजना घेतलेली असो. एम. जी. रोडवर किंवा ऑनलाइन असा बॉक्स घेताना ‘वाइडवाइन एल१ आहे का’ एवढे विचारावे. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही तर घेऊ नये.

जुना डीव्हीडी प्लेयर नव्या टीव्हीला जोडायचा असेल तर टीव्हीच्या मागची छिद्रे आधी पाहावीत. पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन टोके असलेली एव्ही वायर थेट लावण्याची सोय अनेक नव्या टीव्हींत राहिलेली नाही; काहींत ती एका लहान छिद्रातून, वेगळ्या जोडवायरीने मिळते. प्लेयरला एचडीएमआय असेल तर तोच मार्ग घ्यावा. चित्र आडवे ताणलेले आणि माणसे जाडजूड दिसू लागली तर दोष डिस्कचा नसतो. जुनी चित्रणे ४:३ या प्रमाणात असतात, आणि टीव्हीच्या चित्र-मांडणीत तेच प्रमाण निवडले की चेहरे मूळ आकारात येतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, ते दिसू द्यावेत.

व्हीसीडीसाठी तर प्लेयरचीही गरज नाही. संगणकाला डिस्क ड्राइव्ह असेल, किंवा यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह आणला, तर डिस्कवर एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात डीएटी प्रकारची मोठी फाइल असते. ती व्हीएलसी प्लेयरमध्ये सरळ चालते. अनेक ब्लू-रे प्लेयर (डीव्हीडीहून वरच्या दर्जाच्या डिस्क चालवणारी यंत्रे) व्हीसीडी वाचत नाहीत, म्हणून ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चौथी पायरी : ‘विकत घेतले’ म्हणजे काय मिळाले, ते समजून घ्या

ऑनलाइन दुकानात चित्रपटासमोर भाड्याचा आणि खरेदीचा असे दोन भाव दिसतात. भाड्याच्या व्यवहारात साधारणपणे पाहायला सुरुवात करण्यासाठी ३० दिवस आणि एकदा सुरू केल्यावर संपवण्यासाठी ४८ तास मिळतात. हा व्यवहार सरळ आहे आणि एकदाच पाहायच्या चित्रपटासाठी मी तोच सुचवीन. खरेदीचा व्यवहार तितका सरळ नाही. तिथे आपल्याला त्या कंपनीच्या ॲपमध्ये, त्या खात्यातून, तिच्या अटींवर पाहण्याचा परवाना मिळतो. कंपनीचा मूळ हक्कधारकाशी करार संपला किंवा सेवाच बंद झाली तर घेतलेली गोष्ट दिसेनाशी होऊ शकते. अमेरिकेत अल्ट्राव्हायोलेट ही चित्रपट साठवण्याची सेवा २०१९ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी घेतलेली पुस्तके वाचता येईनाशी झाली आणि त्यांचे पैसे परत करण्यात आले. अशा तक्रारी वाढल्यामुळे कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला, की परवाना देत असताना विक्रेत्याने तसे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असे शब्द वापरू नयेत. आपल्याकडे असे बंधन नसल्याने अटी वाचण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

सदस्यत्वाच्या बाबतीत तर मालकीचा प्रश्नच येत नाही. तिथे अडचण ठावठिकाण्याची असते. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका ३१ मार्च २०२३ ला डिस्ने प्लस हॉटस्टारवरून गेल्या, पुढे जिओसिनेमावर आल्या, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही सेवा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाल्यावर पुन्हा एका छताखाली आल्या. मधल्या काळात ज्यांनी वर्षाचे पैसे एकाकडे भरले होते त्यांना दुसरीकडे जावे लागले. म्हणून एखाद्या विशिष्ट मालिकेसाठी वर्षभराचे सदस्यत्व घेऊ नये. महिन्याचे घ्यावे, ती पाहून संपवावी आणि थांबवावे. पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी दिलेली असेल तर ती त्याच दिवशी बंद करावी.

ॲपमध्ये डाउनलोड केलेला चित्रपट म्हणजे आपली फाइल झाली, हा आणखी एक गैरसमज. ते डाउनलोड त्याच ॲपमध्ये चालते, ठरावीक दिवसांनी संपते आणि सदस्यत्व गेले की सोबत जाते. डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सवरून पेन ड्राइव्हवर केलेल्या ध्वनिचित्रमुद्रणाचेही तसेच असते; ते सांकेतिक रूपात असते आणि सामान्यतः त्याच बॉक्सवर चालते, त्यामुळे बॉक्स बदलला की पेन ड्राइव्ह भरलेला असूनही उपयोगाचा राहत नाही.

पाचवी पायरी : डिस्क केव्हा घ्यावी

नवे मराठी चित्रपट डिस्कवर येणे जवळजवळ थांबलेले आहे, ही वस्तुस्थिती आधी मान्य करावी. त्यामुळे मराठी घराच्या दृष्टीने डिस्कचा अर्थ मुख्यतः दोन प्रकारचा उरतो. जुन्या चित्रपटांच्या व नाटकांच्या हातोहात फिरणाऱ्या प्रती हा एक, आणि परदेशी चित्रपटांच्या ब्लू-रे हा दुसरा.

दर्जाविषयी थोडक्यात सांगतो. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, डीव्हीडीचे आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे आणि ब्लू-रेचे १९२० गुणिले १०८० बिंदूंचे असते. मोठ्या टीव्हीवर व्हीसीडी पाहणे डोळ्यांना त्रासाचे होते. डीव्हीडी सुसह्य असते. ब्लू-रे मात्र त्याच बिंदूसंख्येच्या ओटीटी चित्रालाही मागे टाकते, कारण तिथे चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वापरली जाते, आणि ४के ब्लू-रेमध्ये तर हा आकडा १००च्या पुढेही जातो. हा फरक अंधाऱ्या प्रसंगांत दिसतो : ओटीटीवर रात्रीच्या आकाशात जे चौकोनी डाग आणि पट्टे उमटतात ते डिस्कवर सहसा दिसत नाहीत. तथापि ३२ इंची टीव्हीवर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला सोफ्यावर बसून पाहणाऱ्याला यासाठी खर्च करण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा पडदा आणि बरी ध्वनिव्यवस्था असलेल्यांनीच ब्लू-रेच्या वाटेला जावे. परदेशातून ब्लू-रे मागवताना विभाग पाहावा, कारण एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेयरवर चालेलच असे नाही. भारत ‘सी’ विभागात येतो, अमेरिका ‘ए’मध्ये आणि युरोप ‘बी’मध्ये. ४के ब्लू-रेला हे विभागाचे बंधन नाही. डीव्हीडीच्या बाबतीत भारताचा विभाग ५ आहे. प्लेयरही वेळेत घ्यावेत. सॅमसंगने २०१९ मध्ये ब्लू-रे प्लेयरच्या बाजारातून अंग काढून घेतले आणि पर्याय कमी होत चालले आहेत.

जुनी डिस्क विकत घेताना दुकानदाराला ती खोक्यातून काढायला सांगावी. तिच्या आरपार ट्यूबलाइट पाहावी. चंदेरी थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर तो थर झडू लागला आहे असे समजून ती परत करावी. मध्यापासून कडेकडे जाणारे ओरखडे बरेचदा खपून जातात, परंतु वर्तुळाच्या दिशेने गेलेला एकच लांब ओरखडा अधिक त्रास देतो, कारण माहितीची ओळही त्याच दिशेने जाते आणि सलग मोठा भाग वाचता येईनासा होतो. मग मुखपृष्ठ उलटावे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार व्हिडिओ फिल्मच्या वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राचा तपशील, ती तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि हक्कधारकाचा उल्लेख असणे आवश्यक आहे. ‘एकात पाच चित्रपट’ असे छापलेल्या आणि हा मजकूर नसलेल्या डिस्क बेकायदा असतात. शिवाय पाच चित्रपट कोंबल्यामुळे एकाचाही दर्जा राहत नाही.

स्वतःच्या डिस्कची फाइल करून ठेवावी का, असा प्रश्न साहजिकच येतो. खासगी व वैयक्तिक उपयोगासाठीच्या न्याय्य वापराची तरतूद याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, मात्र प्रती वाटणे किंवा विकणे तिच्यात बसत नाही. डिस्कवरील संरक्षक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे. आपल्याच घरात पाहण्यासाठी ठेवणे आणि सोसायटीच्या गटात टाकणे यांतील रेषा या दोन कलमांमुळे पुरेशी स्पष्ट होते.

गाण्यांच्या बाबतीत मी फार वेळ घेणार नाही. रोजच्या ऐकण्यासाठी सदस्यत्व पुरते. जुनी नाट्यगीते आणि भावगीते ज्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर होती त्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजतात आणि लाखेच्या मिश्रणाच्या असल्याने पडल्या की फुटतात. त्या असतील तर विकण्यापूर्वी त्यांवरील गाण्यांची यादी करून कोणाकडे त्यांची ध्वनिप्रत आहे का ते पाहावे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एलपीची (नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) सुई लावू नये, दोन्हींच्या खाचांची रुंदी वेगळी असते.

सहावी पायरी : खर्च वर्षाच्या हिशेबाने मांडा

महिन्याचा आकडा लहान दिसतो म्हणून हिशेब वर्षाचा करावा. हा लेख लिहिताना नेटफ्लिक्सच्या भारतातील योजना महिना १४९ ते ६४९ रुपयांच्या आहेत. त्यांतील ४९९ रुपयांची योजना वर्षाला ५,९८८ रुपयांना पडते. त्यात ॲमेझॉन प्राइमचे वार्षिक १,४९९ मिळवले तर ७,४८७ झाले, आणि इंटरनेट व डीटीएच अजून धरलेलेच नाहीत. शिक्षणासाठी पुण्याला असलेल्या मुलानेही घरचेच खाते वापरायचे, हा हिशेब पूर्वी जमत असे. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतात एका घराबाहेर खाते वापरण्यावर निर्बंध आणले आहेत, हे लक्षात घेऊन आकडा मांडावा. कुटुंबाने वर्षभरात नेमके काय पाहिले ते यादीत लिहिले, तर एखादे सदस्यत्व केवळ दोन चित्रपटांसाठी चालू असल्याचे बहुधा आढळते. ते चित्रपट भाड्याने घेतले असते तर स्वस्तात झाले असते.

सातवी पायरी : ठेवणार असाल तर नीट ठेवा

नाशिकची कोरडी हवा डिस्कला मानवते, पण पावसाळ्याचे चार महिने कसोटीचे असतात. डिस्क उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट ओल धरते, म्हणून ते टाळावे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यानंतर त्या बदलाव्यात. डांबरगोळ्या मात्र जवळ नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ व चिकट होते. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, तिथे कॅसेटी व हाताने लिहिलेल्या डिस्क ठेवूच नयेत. गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठच्या सराफ बाजार, भांडी बाजार या भागांत राहणाऱ्यांनी संग्रह तळमजल्यावर ठेवू नये; नदीपात्रातील ज्या मूर्तीवरून पुराची पातळी मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी आले की काय होते, हे २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात तिथल्या दुकानदारांनी पाहिले आहे.

डिस्क पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ ओढावे, गोल फिरवू नये. सीडीवर वरच्या, म्हणजे नाव छापलेल्या बाजूने अधिक जपावे लागते. ॲल्युमिनियमचा थर त्या बाजूच्या पातळ वॉर्निशखालीच असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहिणे किंवा चिकटपट्टी लावून ओढणे म्हणजे थेट माहितीवर घाव घालणे होय. डीव्हीडीत हा थर प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांच्या मधोमध असल्याने ती या बाबतीत सुरक्षित आहे. हार्ड डिस्क वर्षातून दोनदा तरी जोडून फाइली उघडून पाहाव्यात. ती टीव्हीला लावायची असेल तर एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करू नये, कारण त्या पद्धतीत ४ गीगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि चांगल्या दर्जाचा चित्रपट त्याहून मोठा असतो. टीव्हीच्या माहितीपत्रकात एनटीएफएस किंवा एक्सफॅट यांपैकी जे चालते असे लिहिले असेल ते निवडावे.

ऑनलाइन खात्यांचीही निगा असते. खाते कोणत्या ई-मेलवर आणि कोणत्या मोबाइल क्रमांकावर आहे, हे घरातील दुसऱ्या एका व्यक्तीला माहीत असावे. वडिलांच्या क्रमांकावर ओटीपी येतो आणि तो क्रमांक पुढे बंद झाला, तर खात्यातील सगळी खरेदी अडकते. डिस्कचे कपाट वारसाला मिळते. खात्यातील परवाना बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

शेवटी उरतात त्या पहिल्या यादीतील नको असलेल्या डिस्क. चालणाऱ्या डिस्क जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला किंवा एखाद्या वृद्धाश्रमाला विचारून द्याव्यात. डीव्हीडी प्लेयर अजून वापरात असलेली ठिकाणे कमी नाहीत. खराब झालेल्या डिस्क घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाकाव्यात, त्या जाळू नयेत. जुने प्लेयर, वायरी आणि बिघडलेल्या हार्ड डिस्क ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्याव्यात. घरगुती चित्रणाच्या ज्या डिस्कची फाइल झाली आहे आणि ती फाइल तीन ठिकाणी उघडून पाहिली आहे, ती डिस्क टाकण्यापूर्वी जाड कापडात गुंडाळून मोडावी. तिचे तुकडे धारदार होतात, म्हणून कापड सोडू नये.